अळंब्यांची जागा

"पाहुणे, आमच्या देशाला समुद्र नाही," बोर्झिवोय जावयाला सांगत होते, "म्हणून आम्ही तळी खणली आणि त्यांत मासे पाळले."

नुनोने मान डोलावली. हे त्याने गेल्या उन्हाळ्यातही ऐकलं होतं, आणि त्याच्या आदल्याही. सासरे जन्मभर गावातल्या किल्ल्यावर वाटाडे होते. परदेशी प्रवाशांना चेक देशाची ओळख करून देण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर उरलेली सगळी ओळख एकट्या पोर्तुगीज जावयाच्या वाट्याला आली. राजे झाले, तळी झाली, बिअर झाली. नुनोला आता त्यांची भाषा चांगली येत होती, तरी ते अजून एकेक शब्द सुटा करून बोलत. बस सुटायच्या आत याला सगळं कळायला हवं, अशा थाटात.

नुनोच्या बायकोचा, यार्मिलाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. आई गेल्यापासून बाबा या घरात एकटे होते. लिस्बन सोडून इथेच राहायला यावं, असं तिच्या फार मनात होतं. नुनोचं काम कुठूनही होण्यासारखं होतं; इथल्या थंडीलाही तो तयार होता. पण काल तळ्याकाठी फिरताना तो म्हणाला, "तुझे बाबा वाईट वागत नाहीत गं, फार चांगलं वागतात. पण मी जन्मभर पर्यटक म्हणून कसा राहू? माझ्याच्याने नाही व्हायचं."

वाईट वागणाऱ्याशी भांडता तरी येतं.

त्या आठवड्यात पाऊस पडून उघडला. म्हणजे अख्खं गाव टोपल्या घेऊन बाहेर. अळंबी हे या लोकांचं वेड, आणि ज्याची त्याची जागा गुपित. शेजाऱ्याकडे घराची किल्ली खुशाल ठेवतील, पण अळंबी कुठे उगवतात ते सांगायचे नाहीत. बोर्झिवोय तर या बाबतीत पक्के चिक्कू. पोटच्या पोरीलाही त्यांनी कधी बरोबर नेलं नव्हतं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं तिला तोंडावर सांगून मोकळे.

सकाळी यार्मिला उठली तर घरात कुणी नाही. दाराशी बाबांचे बूट नव्हते आणि नुनोचेही नव्हते. तिने कॉफी केली, ती तशीच निवली.

दुपारी दोघं परतले. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि टोपली तपकिरी, गुबगुबीत अळंब्यांनी शिगोशीग भरलेली. बाबांनी एक सुरी स्वतः घेतली, दुसरी नुनोपुढे सरकवली. दोघं खाली माना घालून अळंबी साफ करू लागले. किल्ला नाही, राजे नाहीत, कसली म्हणून माहिती नाही.

कुठे मिळाली एवढी, तिने बाबांना विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही. मग ती नवऱ्याकडे वळली. हा बिचारा तिला शर्टाची किंमतसुद्धा खोटी सांगत नसे.

"नुनो, तू तरी सांग. कुठे गेला होतात?"

नुनोने सासऱ्यांकडे पाहिलं. मग हातातल्या अळंब्याची माती खरवडली.

"रानात," तो म्हणाला.

बोर्झिवोय गालातल्या गालात हसले. यार्मिला रुसल्यासारखं करून तव्याकडे वळली. लग्न झाल्यापासून नवऱ्याने आज पहिल्यांदाच तिच्यापासून काही लपवलं होतं, आणि तिला आनंदाने रडू येत होतं.