दोनदा वाजणारी घंटा

“जुन्या आवृत्तीला हात लावायचा नाही,” कुलूपबाई म्हणाल्या. “चालतेय ना? चालू दे.”

हे नाव ऑफिसनं त्यांच्या पाठीमागे ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. प्रसूतिगृहांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांच्या ताब्यात होतं. नव्या आवृत्तीशी पोरांनी हवं तसं खेळावं. जिच्या भरवशावर रोज खरी बाळं जन्मत होती, ती जुनी मात्र कुलपात.

प्रोग्रामर हटला नाही. नव्या आवृत्तीतल्या दोन दुरुस्त्या त्याला जुनीत आणायच्या होत्या. जुळ्यांपैकी दुसऱ्याची नोंद केली की पहिल्याची पुसली जायची. शिवाय बाळाची नोंद झाली की वॉर्डातली घंटा एकदा वाजायला हवी, ती दोनदा वाजायची.

“एवढी घाई कसली?”

“माझी ताई सकाळीच दाखल झालीय, मॅडम. तिथं जुनीच आवृत्ती आहे. आणि तिला जुळी आहेत.”

“मग फोन तू करायचा नाहीस. मी करते.”

जुनीला हात लावण्याआधी वापरणाऱ्यांना विचारायचं, हा त्यांचा नियम. त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे ताईच्याच वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर होत्या.

“जुळ्यांचं तेवढं कराच हो,” सिस्टर म्हणाल्या. “परवा पडद्यावर एकच बाळ. बाप बिचारा दोन हातांत दोन घेऊन विचारतोय, यातलं माझं कोणतं?”

“आणि घंटा?”

“घंटेला हात लावाल तर याद राखा. बाहेर बसलेल्यांना पहिलीला खरंच वाटत नाही. दुसरी वाजली की मग रडतात.”

खोलीत हशा पिकला. कुलूपबाईंनी न हसता घंटेची दुरुस्ती बाजूला ठेवली. तेवढ्यात प्रोग्रामर न राहवून फोनकडे वाकला. “सिस्टर, माझी ताई, जुळी होणारेत ती, कशी आहे हो?”

“मजेत. मलाच दम देतेय.”



जुळ्यांची दुरुस्ती जुनीत बसवून झाली, तरी कुलूप लगेच उघडलं नाही. आधी खोलीतल्या प्रत्येकानं चाचणीच्या मशीनवर जुळी जन्माला घालायची होती. कुणी दोन्ही बाळांना एकच नाव दिलं. एकानं खोडसाळपणे एक बाळ मध्यरात्रीआधी काढलं, दुसरं नंतर. हिशेब बघणाऱ्या काकूसुद्धा उठून आल्या आणि हौसेनं दोन मुली नोंदवून गेल्या. पाळणे कमी पडतील इतकी बाळं झाली, पण एकही पुसलं गेलं नाही. शेवटी कुलूपबाईंनी स्वतः तिळी जन्माला घातली. तिन्ही जागच्या जागी राहिली.

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या, आणि दुरुस्ती रवाना झाली.

चहाच्या वेळी फोन आला. “ताई छान आहे, बाळंही छान आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “आता नोंद करतेय. ऐका.” आणि त्यांनी फोन वॉर्डाच्या दाराकडे धरला.

घंटा वाजली. प्रोग्रामर कप हातात धरून नुसता उभा राहिला. घंटा पुन्हा वाजली. तिकडे टाळ्या पडल्या, इकडे त्याचे डोळे भरून आले आणि तो चाचपडत खुर्ची शोधू लागला.

“बसतोस काय,” कुलूपबाई म्हणाल्या. “अजून दोन वाजायच्यात.”