खाली यमुना, वर रिज

पासपोर्टच्या चार झेरॉक्स. नळाचं पाणी नको. ऑटोत बसण्याआधी भाडं ठरव. मेट्रोत बायकांचा डबा वेगळा असतो. सिम उद्या सुरू होईल. स्टेशनबाहेर पडून डावीकडे, मग दुसरं उजवं वळण. परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेली ही यादी घरच्या मुलीने, कादंबरीने, तेबोराला तीनदा वाचून दाखवली. तेबोरा त्यांच्या घरची पेइंग गेस्ट, प्रशांत महासागरातल्या किरिबाटी बेटांवरून दिल्लीला शिकायला आलेली. कॉलेजला जाताना ती दोनदा हरवली होती. आज दोनपर्यंत कागदपत्रं तपासून घेतली नाहीत, तर प्रवेश रद्द होणार होता. कादंबरीचा स्वतःचा पेपर असल्याने तिला एकटीनेच जायचं होतं.

सकाळी मयूर विहारच्या घराच्या गच्चीवर तेबोराने विचारलं, “समुद्र कुठल्या बाजूला?” “हजार किलोमीटर लांब.” तेबोरा थक्क होऊन चारी दिशा बघत राहिली. “मधे नुसती जमीन?” कादंबरी वैतागली. “आई, हिला डावं-उजवं कळतच नाही यार!” आई मालवणची. “आम्ही कुठे म्हणायचो डावं-उजवं? खाली दर्या, वर डोंगर. सांग तिला, खाली यमुना, वर रिजची टेकडी, कॉलेज टेकडीच्याच बाजूला. स्टेशनबाहेर आली की यमुनेकडे पाठ करायची आणि चालायचं.” “कुठंय यमुना, आई?” “दिल्लीत जन्मलीस ना गं!” आईने दाखवली. तेबोराने ती एकदाच पाहिली. मग जिन्यात, लिफ्टमध्ये, बंद बाथरूममध्ये कादंबरीने “नदी?” विचारलं की तेबोराचं बोट अचूक यमुनेकडे जायचं. पेपर सुटल्यावर कादंबरीला तेबोराच्या कॉलेजच्या फोनवरून आलेला मेसेज दिसला, “वेळेत पोचले.” तेबोराचं बेट साडेतीनशे पावलं रुंद आहे; तिथेही वाट पाण्यावरूनच सांगतात.