दादासाठी सही
दादा जाऊन तीन महिने झाले होते. कॉमिकच्या दुकानात तो लेखक सह्या द्यायला आला, तेव्हा धाकटी बहीण एकटीच रांगेत उभी राहिली. याच लेखकाने दोघांच्या लाडक्या सुपरहिरोला, काजव्याला, आंधळं केलं होतं. तेव्हापासून दादा लेखकाच्या नावाने खडे फोडायचा, ही लेखकाची बाजू घ्यायची, आणि नवा अंक आला की घरात जुंपायची. या महिन्याचा अंक तिलाही पटला नव्हता, पण तसं कबूल करायला समोर दादाच नव्हता. "कुणाच्या नावाने लिहू?" लेखकाने विचारलं. "दादासाठी लिहा." "आवडतं त्यांना माझं लिखाण?" "छे! शिव्या घालतो तुम्हाला. पण अंक एकही चुकवत नाही." लेखक खळखळून हसला. "घेऊन या त्यांना. समोरासमोर भांडू." "सांगते," ती म्हणाली. शाई ओली होती. अंक उघडाच धरून ती घरापर्यंत चालत गेली.