मुसळीची नोंद

जैवविविधता कायद्याचा गावाला काय उपयोग झाला, हे तपासायला शाल्मली मारेगावजवळच्या एका खेड्यात आली होती. त्या कायद्यानुसार केलेल्या गावाच्या नोंदवहीत पांढऱ्या फुलांची, औषधी सफेद मुसळी लिहिलेली होती, नाल्याकाठच्या नेमक्या जागेसकट. ती जागा दाखवायला गावातल्या विमलताई निघाल्या खऱ्या, पण त्यांची नजर शाल्मलीच्या पिशवीवरून हटेना.

“तुमाले कायले पाह्यजे मुसळी?”

“मला नको, काकू. ती टिकली की नाही, एवढंच वर कळवायचंय.”

“मांगच्या साली असंच लिवून नेलं. पंधरा दिवसांत कोनीतरी सारी खोदून नेली. आता एकबी रोप नाही राह्यलं.”

नाल्याकाठी खरंच नुसते खड्डे होते. परतताना विमलताईंच्या शेताच्या काटेरी कुंपणात शाल्मलीची ओढणी अडकली. ती सोडवायला वाकली, तर आत पांढऱ्या फुलांचे तुरे डोलत होते.

विमलताई जागीच थिजल्या. “मॅडम, लिवू नका वं,” एवढंच त्या कसंबसं बोलल्या.

शाल्मलीने अहवालाचा कागद काढला आणि त्यांच्यासमोरच लिहिलं,


‘सफेद मुसळी : गावात कुठेही आढळली नाही.’