फरक शून्य

"परत शून्य?" बाईंनी विचारलं.

"परत शून्य," नाना म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या या मदतनिसाला अवघड प्रसंगी चष्मा पुसायची सवय होती.

बाईंनी चौथी बाटली उजेडात धरली. पाणी नितळ होतं. शिसं डोळ्यांना दिसत नाही, हे त्यांना माहीत होतं, तरी त्या बघत राहिल्या. चारही बाटल्या रंगाच्या कारखान्यामागच्या वस्तीतल्या विहिरीच्या. त्याच वस्तीतल्या सहा मुलांच्या रक्तात डॉक्टरांना शिसं सापडलं होतं. पोटात कळा, तोंडाला चव नाही, उगाच चिडचिड, चेहरे पांढरेफटक. आणि इथलं यंत्र म्हणत होतं, सगळं आलबेल.

विहिरीला तात्पुरतं कुलूप होतं आणि वस्तीला टँकर येत होता, तो अहवाल येईपर्यंतच. अहवाल शुक्रवारी जायचा होता. पाणी चांगलं म्हटलं की टँकर बंद आणि विहीर खुली.

आज बुधवार होता.

बाईंना राहून राहून वाटत होतं, कुठंतरी पाणी मुरतंय. कारखान्याचा मालक प्रयोगशाळेच्या साहेबांचा सख्खा मेहुणा. यंत्राच्या खोलीची किल्ली साहेबांकडे. शुद्ध पाणी तयार करायचा संच तीन महिने बंद पडलेला आणि दुरुस्तीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर लोळत पडलेला. प्रयोगशाळेनं चालावं असं या माणसाला वाटतं तरी का?

दुपारी वस्तीतल्या मावशी आल्या. त्यांचा नातू त्या सहांपैकी एक. त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत.

"तुमचं मशीन आंधळं आहे का हो बाई?"

"आंधळं नाही मावशी. ते फक्त फरक सांगतं. आधी त्याला चांगलं पाणी दाखवायचं, मग तुमचं. तुमच्यात काही जास्त असलं की ते बोलतं."

"मग बोलत का नाही?"

"कुणीतरी त्याचं तोंड बांधलंय," बाई म्हणाल्या आणि जीभ चावली. मावशींनी दाराकडे पाहिलं, साहेबांच्या खोलीकडे पाहिलं आणि तडक निघून गेल्या.

बाईंनी मग कुणावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. संध्याकाळी त्या स्वतः विहिरीवर गेल्या, कुलूप उघडायला लावलं, स्वतःच्या हातानं चार बाटल्या भरल्या आणि थेट घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवल्या.

"आई, दुधाशेजारी हे काय विष ठेवलंस?" लेक म्हणाली. तिला सातवा महिना होता आणि महिन्यापूर्वी ती आईकडे राहायला आली होती.

"हात लावू नकोस. जेवलीस का?"

"नको वाटतं गं. आणि सारखं सारखं विचारू नकोस!"

एरवी गोगलगायीसारखी असलेली पोर हल्ली फटकन बोलायची. दिवसच तसे, म्हणून बाईंनी हसून सोडून दिलं आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. बाईंची इमारत टेकडीवर होती, कारखान्यापासून चांगली लांब. बोअरचं पाणी त्यांनी राहायला येताना स्वतः तपासून घेतलं होतं. चार वर्षांपूर्वी.

गुरुवारी सकाळी त्या नेहमीसारखा घरच्या पाण्याचा कॅन घेऊन कामावर आल्या. संच बंद पडल्यापासून हा रोजचाच शिरस्ता होता. एक पेला यंत्राला दाखवायला, बाकी साहेबांच्या चहाला, असं नाना म्हणायचे. बाईंनी दार आतून लावलं, नव्या बाटल्या स्वतः तपासल्या.

शून्य. शून्य. शून्य. शून्य.

म्हणजे बाटल्या बदललेल्या नाहीत. यंत्रच बिघडवलंय. त्यांच्या जिवाची नुसती तगमग झाली. त्यांनी वर्गमित्राला फोन लावला. दुसऱ्या गावातल्या मोठ्या प्रयोगशाळेचा तो प्रमुख होता.

"पाच बाटल्या पाठवते. चार विहिरीच्या, एक चांगल्या पाण्याची, ताडून बघायला. वर फक्त आकडे आहेत. कुठली कुठली ते तुलाही सांगणार नाही."

"माझ्यावरही संशय?"

"सध्या सगळ्यांवरच."

शुक्रवारी तीन वाजता साहेबांनी बाईंना खोलीत बोलावलं. टेबलावर अहवाल तयार होता. पाणी पिण्यायोग्य. खाली सहीची जागा मोकळी.

"बाई, चार वाजता माणूस न्यायला येईल."

"थोडं थांबा."

"मेहुण्याचा कारखाना म्हणून मी उगाच घाई करतोय, असंच वाटतंय ना तुम्हाला?" साहेबांनी शांतपणे विचारलं. खोटं बोलायला बाईंची जीभ वळली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी मुद्दाम स्पीकर लावला. साहेबांनाही ऐकू दे.

"तुझं बरोबर होतं," वर्गमित्र म्हणाला. "शिसं आहे. मर्यादेच्या नऊपट."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चार रात्री झोप नव्हती, त्याचं चीज झालं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. आता उतरेल चेहरा.

साहेबांनी तयार अहवाल उचलला, मधोमध फाडला आणि कोरा कागद पुढे ओढला. "विहीर बंदच राहील. कारखान्यालाही आजच नोटीस काढतो. मेहुणा काय म्हणायचं ते म्हणू दे. सांगा बाई, काय लिहू?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस त्यांनी या माणसाला काय काय ठरवलं होतं! यंत्राला कुणीच हात लावला नव्हता. मग ते मुकं का राहिलं?

"अगं, ऐकतेयस ना?" फोनमधून वर्गमित्राचा आवाज आला. "एक विचारायचं राहिलं. चांगल्या पाण्याची म्हणालीस ती बाटली कुठली? इथे पाचही सारख्याच निघाल्यात."