शुक्रवारचा लूम

चौऱ्याहत्तर साली लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांचे कान तपासायला मुंबईहून डॉक्टर नारपोलीत आले, ते मुद्दाम शुक्रवारी. शुक्रवारी सगळे लूम बंद असतात. कान तपासायच्या मशीनची बटणं दाबायचं आणि निकाल लिहायचं काम माझ्याकडे होतं.

लूमचे मालक फखरुद्दीनशेठ आधीच सांगून बसले होते, "जो बहिरा निघेल तो घरी."

राघोकाका तेवीस वर्षं लूमवर होते. त्यांनी हेडफोन लावला. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच. त्यांनी सात वेळा केलं. डॉक्टर खूश झाले. मग मला दिसलं की मशीनची पिन मी भिंतीत लावलेलीच नाही.

"काका, कसला आवाज आला?"

काकांनी माझे ओठ वाचले. "आलेला न्हाय, थांबलेला. लूम थांबला का बोट वर करायचं, म्हंजे मिस्त्री येतो."

"पण आज सगळे लूम बंद आहेत."

"एक चालू हाय. तूच ऐक ना, शहाण्या." त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला.

खटाक, खटाक. लांब कुठेतरी, अगदी शिस्तीत. पिन माझ्या डाव्या हातात होती.

मग तो थांबला.

दारातून रांग दिसत होती. हेडफोन न लावलेली चौदा माणसं, आणि चौदा बोटं वर. पंधरावं डॉक्टरांचं. ते स्वतःच्याच बोटाकडे न बोलावलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत होते.

"पास लिही ना रं," काका काकुळतीनं म्हणाले.

माझी तयारी होती. पण लिहायला उजवा हात लागतो, आणि तो वर होता.