शेजारची खुर्ची

"आली का?" फोनवर पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

"आली, बाई," उल्का म्हणाली. "बसलीय इथंच."

"बोलते काही?"

"छे. नुसती ऐकते. श्वास तेवढा ऐकू येतो."

हेडफोन लावून बसलेल्या नसीमबानूच्या अंगावर काटा आला.

परगावचे फोन जोडणाऱ्या पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मागच्या बंद खोलीत तिचं काम चाले. ऑपरेटर मुली कशा बोलतात ते चोरून ऐकायचं आणि शेरा द्यायचा. शेरा चांगला तर बक्षीस, वाईट तर मेमो. खोलीत कोणी असतं याचा मुलींना पत्ता लागू द्यायचा नाही, अशी ताकीद होती. तिची स्वतःची नोकरी मात्र अजून हंगामी होती. नवऱ्याचा, शमशुद्दीनचा, कसबा पेठेतला बाइंडिंगचा धंदा बसला होता. ती कायम झाली तरच घर चालणार होतं.

उल्का कामाला सगळ्यांत चांगली. पण रोज दुपारी हा फोन येई, आणि कामाच्या वेळात हे बोलणं चाले. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथली ऑपरेटर परवीन दम्याने वारली, तेव्हापासून तिथे कोणी बसत नसे.

नसीमबानूने एक्स्चेंजच्या यज्ञेश्वर साहेबांना सगळं सांगितलं.

"मेलेली माणसं कामावर येतात? उत्तम," साहेब म्हणाले. "आमच्याकडे जिवंत येत नाहीत." मग चष्मा पुसत म्हणाले, "उद्या नीट ऐका. तुमच्या कायम होण्याचंही उद्याच बघू."

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"आली का?"

"आली, बाई."

"आज कशी आहे?"

"घाबरलीय. श्वास वाढलाय."

नसीमबानूने तोंडावर पदर घट्ट दाबून धरला.

"आता?"

"थांबला."

तारेवर नुसती खरखर उरली. नसीमबानूची छाती दुखू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटी पदर सुटला.

"पुन्हा आला, बाई."

"मग लिहून घे, उल्का," पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या. "नसीमबानू, हंगामी तपासनीस. काम चोख, पण ऐकताना स्वतःच ऐकू येते. कायम करू नये."